परतीचा शिक्का

पारपत्र म्हणजे परदेशी जाण्याची परवानगी, अशी सर्वसाधारण समजूत असते आणि ती निम्मीच खरी आहे. परदेशात पाऊल ठेवण्याची परवानगी तो परदेशच व्हिसाच्या रूपाने देत असतो. पारपत्र देणारे सरकार त्या पुस्तिकेतून दोन वेगळ्याच गोष्टी सांगते. एक, हा मनुष्य अमुक नावाचा असून तो आमचा आहे. आणि दुसरी, त्याचा तुमच्याकडील मुक्काम संपला किंवा तुम्हाला तो नकोसा झाला, तर त्याला परत घेण्यास आम्ही बांधलेले आहोत. विमानतळावरच्या खिडकीमागे बसलेल्या अधिकाऱ्याला खरा रस असतो तो या दुसऱ्या गोष्टीत. म्हणून स्वतःच्याच सरकारच्या भीतीने जो देश सोडून आला, त्याची अडचण दुहेरी होते: पहिली गोष्ट सांगायला त्याच्या पाठीशी कोणी नसते, आणि दुसरी गोष्ट कोणी सांगितलीच, तर ती त्याला हमीसारखी नव्हे तर धमकीसारखी ऐकू येते. आश्रय मागणाऱ्यांच्या प्रवासाच्या कागदांविषयी गेल्या शंभर वर्षांत जे नियम झाले, ते बारकाईने पाहिले तर त्यांतला जवळजवळ प्रत्येक वाद ‘जाऊ द्यावे का’ यापेक्षा ‘परत कोण घेणार’ या प्रश्नाभोवती फिरलेला आढळतो.

नियमांकडे वळण्यापूर्वी तीन शब्द वेगळे करून घेणे आवश्यक आहे, कारण वृत्तपत्रीय मराठीत ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. ज्याने दुसऱ्या देशात येऊन संरक्षण मागितले आहे, पण ज्याच्या मागणीचा निर्णय अद्याप झालेला नाही, तो आश्रयार्थी. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणाने आपला छळ होईल अशी ज्याची भीती साधार ठरवण्यात आली आहे, तो निर्वासित. आणि ज्याला जगातला कोणताच देश आपल्या कायद्यानुसार नागरिक मानत नाही, तो राज्यविहीन. एकच मनुष्य या तिन्ही अवस्थांतून जाऊ शकतो, परंतु प्रत्येक अवस्थेत त्याच्या हाती पडणारा कागद निराळा असतो. महाराष्ट्रात ‘निर्वासित’ हा शब्द कल्याणजवळच्या छावणीत उतरलेल्या आणि पुढे उल्हासनगर वसवणाऱ्या सिंधी कुटुंबांमुळे रुळला. ती माणसे मात्र भारताचे नागरिक झाली, त्यामुळे आंतरराष्ट्रीय कायद्यातील अर्थाने तो शब्द त्यांना फार काळ लागू राहिला नाही.

दिल्लीत हे सारे प्रकार एका मेट्रोमार्गावर पाहता येतात. यमुनेच्या पूर्व तीरावरील मयूर विहार ही दिल्ली विकास प्राधिकरणाच्या आखणीतून आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांतून उभी राहिलेली वसाहत. तिथे राहणारे बहुतेक लोक कुठल्या ना कुठल्या राज्यातून आलेले, पण त्यांच्या स्थलांतराला कोणत्याही शिक्क्याची गरज पडलेली नाही, कारण देशभर फिरण्याचा आणि कुठेही स्थायिक होण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ ने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. याच वसाहतीच्या मयूर विहार-१ स्थानकातून पिंक लाइनने नदी ओलांडली की चौथे स्थानक लाजपत नगरचे येते. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्यांसाठी ही वसाहत बसवण्यात आली, १९७९ नंतरच्या युद्धांनी देशोधडीला लावलेल्या अफगाणांनी तिच्यात आपली बेकरी आणि औषधांची दुकाने थाटली, आणि तिथेच रिंग रोडवर दलाई लामांचे दिल्लीतील कार्यालयही आहे. आणखी चार स्थानके पुढे भिकाजी कामा प्लेस. तिथे प्रादेशिक पारपत्र कार्यालय आहे आणि जवळच रामकृष्णपुरममध्ये विदेशी प्रादेशिक नोंदणी कार्यालय, ज्याला दिल्लीतला प्रत्येक परदेशी मनुष्य ‘एफआरआरओ’ याच नावाने ओळखतो. थोडक्यात, मयूर विहारहून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात आश्रय मागणारे आणि त्यांच्या कागदांवर सही करणारे, असे दोन्ही पक्ष भेटतात. या दोघांमधला कायदा मात्र तितका जवळ नाही. त्यासाठी १९२२ च्या जिनिव्हापर्यंत मागे जावे लागते.

पहिल्या महायुद्धापूर्वी पारपत्राशिवाय बहुतांश युरोपात हिंडता येत असे. युद्धाने सीमांवर पहारे बसवले आणि युद्ध संपल्यावरही ते उठले नाहीत. त्याच सुमारास रशियातील क्रांती आणि यादवी यांमुळे लाखो रशियन माणसे देशाबाहेर पडली, आणि डिसेंबर १९२१ मध्ये सोव्हिएत सरकारने एका हुकुमाने त्यांतील बहुसंख्यांचे नागरिकत्व रद्द केले. जुन्या झारशाही पारपत्रांना एका दिवसात रद्दीचे मोल आले. राष्ट्रसंघाने निर्वासितांसाठी नेमलेले उच्चायुक्त फ्रिट्यॉफ नान्सेन हे नॉर्वेचे ध्रुवसंशोधक होते, आणि त्यांनी सुचवलेला उपाय त्यांच्या बर्फावरच्या मोहिमांइतकाच व्यवहारी होता: ज्या देशात निर्वासित राहत आहे त्याच देशाने त्याला एक ओळख-प्रमाणपत्र द्यावे आणि इतर देशांनी ते मान्य करावे. जुलै १९२२ मध्ये जिनिव्हात तसा करार झाला. ‘नान्सेन पारपत्र’ या नावाने प्रसिद्ध झालेला हा कागद पुढे आर्मेनियन आणि इतर काही समूहांनाही मिळू लागला, पन्नासहून अधिक सरकारांनी तो स्वीकारला आणि सुमारे साडेचार लाख लोकांनी वापरला. चित्रकार मार्क शगाल, संगीतकार स्ट्राविन्स्की आणि कादंबरीकार नाबोकोव यांच्याकडेही तो होता.

परंतु या गाजलेल्या कागदात एक मोठी उणीव होती. मूळ करारानुसार, तो देणाऱ्या देशावर धारकाला परत घेण्याचे कोणतेही बंधन नव्हते. त्यामुळे फ्रान्समध्ये राहणारा रशियन मनुष्य नान्सेन पारपत्र घेऊन बेल्जियमला निघाला, तर बेल्जियमच्या अधिकाऱ्यासमोर एकच शंका उभी राहत असे: हा आला आणि फ्रान्सने दार लावून घेतले तर? परिणामी व्हिसा नाकारले जात. ही उणीव भरून काढायला अकरा वर्षे लागली. १९२६ च्या करारात परतीच्या व्हिसाची सोय आली आणि ऑक्टोबर १९३३ च्या अभिसंधीने धारकाला प्रमाणपत्राच्या मुदतीत बाहेर जाण्याचा व परत येण्याचा हक्क दिला. पुढच्या सर्व नियमांचा पाया इथे आहे, १९२२ मध्ये नव्हे, जरी लोकप्रिय इतिहास पहिल्याच तारखेचा उत्सव करतात.

कागद देणारे सरकारच नाहीसे झाले तर काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडून गेले आहे. १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर सैबेरिया आणि मध्य आशियातील सक्तीच्या वसाहतींतून सुटलेली पोलिश कुटुंबे इराणमार्गे बाहेर पडली. त्यांतील सुमारे पाच हजार स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांच्यासाठी १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळीवडे येथे छावणी उभारण्यात आली. शाळा, चर्च, नाट्यगृह असलेले ते जवळजवळ एक पोलिश गावच होते. त्यांचे सरकार लंडनमध्ये परागंदा होते आणि मुंबईतील पोलिश वकिलात त्याच सरकारच्या नावाने कारभार करीत होती. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेऊन वॉर्सातील नव्या सरकारला मान्यता दिली. वळीवड्याच्या रहिवाशांनी त्या दिवशी कोणतीही सीमा ओलांडली नव्हती, गुन्हा केला नव्हता, अर्जही केला नव्हता. तरी ज्या सरकारच्या शिक्क्यावर त्यांची ओळख उभी होती ते सरकार रातोरात कायद्याच्या दृष्टीने नाहीसे झाले. कम्युनिस्ट पोलंडमध्ये परतण्यास अनेकांची तयारी नव्हती, आणि १९४८ पर्यंत छावणी रिकामी होईतो त्यांतले बरेच जण ब्रिटन आणि इतर देशांकडे पांगले. ज्यांचे नातेवाईक ब्रिटिश सेनेच्या बाजूने लढलेल्या पोलिश सैन्यात होते, त्यांना १९४७ च्या ब्रिटिश कायद्याचा आधार मिळाला. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातील स्मारक आणि वॉर्सातील वळीवडे-कोल्हापूर छावणीचे स्मारक ही या प्रकरणाची दगडातली नोंद आहे.

अशा लक्षावधी प्रकरणांतून २८ जुलै १९५१ ची निर्वासितांच्या दर्जाविषयीची अभिसंधी जन्मली. तिच्या अनुच्छेद २७ प्रमाणे, ज्याच्याजवळ वैध प्रवास-दस्तऐवज नाही अशा प्रत्येक निर्वासिताला निदान ओळखपत्र द्यावे लागते. अनुच्छेद २८ प्रमाणे, देशात कायदेशीरपणे राहणाऱ्या निर्वासिताला बाहेर प्रवास करण्यासाठी दस्तऐवज देणे सदस्य देशावर बंधनकारक आहे. राष्ट्रीय सुरक्षितता किंवा सार्वजनिक सुव्यवस्था यांची अनिवार्य कारणे असतील तरच तो नाकारता येतो. अनुच्छेद ३१ त्याही आधीच्या क्षणाचा विचार करतो: जीव धोक्यात असलेल्या प्रदेशातून जो थेट आला आणि विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर झाला, त्याला केवळ कागदाविना सीमा ओलांडल्याबद्दल शिक्षा करता येत नाही. पळून जाणाऱ्याने आपल्याच सरकारकडे पारपत्रासाठी रांग लावावी अशी अपेक्षा करणे हास्यास्पद आहे, हे तत्त्व इथे कायद्याच्या भाषेत आले.

या अभिसंधीला जोडलेले परिशिष्ट फारसे वाचले जात नाही, पण खरी मेख त्यात आहे. दस्तऐवजाची फी देशाच्या नागरिकांना द्याव्या लागणाऱ्या पारपत्राच्या किमान फीपेक्षा अधिक नसावी, तो शक्य तितक्या जास्त देशांसाठी वैध असावा, मुदत एक किंवा दोन वर्षांची असावी, मुलांची नावे आईवडिलांच्या दस्तऐवजात घालता यावीत, अशा कारकुनी तरतुदींच्या रांगेत तेरावे कलम येते: दस्तऐवजाच्या मुदतीत धारक केव्हाही परतला तरी त्याला आत घेण्याचे वचन देणारा देश देतो. अपवादात्मक परिस्थितीत परतीची ही मुदत कमी करता येते, पण तीन महिन्यांहून खाली नेता येत नाही. त्याचबरोबर परिशिष्ट हेही स्पष्ट करते की या दस्तऐवजाने धारकाला देणाऱ्या देशाच्या वकिलातीचे संरक्षण मिळत नाही. म्हणजे परदेशात तो आजारी पडला किंवा पकडला गेला, तर ‘आमचा माणूस’ म्हणून धावून जाणारी वकिलात त्याला नसते. त्याच्याजवळ घराची किल्ली असते, पण मालकी नसते. बाहेरून पाहता हा दस्तऐवज पारपत्रासारखाच दिसतो. वेष्टन बहुधा निळे, त्याच्या वरच्या कोपऱ्यात दोन तिरके पट्टे, आणि यंत्राने वाचायच्या ओळींत राष्ट्रीयत्वाच्या जागी ‘एक्सएक्सबी’ ही अक्षरे. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या संकेतांत ‘एक्सएक्सए’ म्हणजे राज्यविहीन, ‘एक्सएक्सबी’ म्हणजे १९५१ च्या अभिसंधीतील निर्वासित आणि ‘एक्सएक्ससी’ म्हणजे इतर प्रकारचा निर्वासित. भारतासाठी जिथे ‘आयएनडी’ येते, तिथे ही तीन अक्षरे येतात.

आश्रयार्थी मात्र या छत्राखाली सहसा येत नाही, कारण ‘कायदेशीरपणे राहणारा’ ही अट निर्णय होईपर्यंत पुरी होत नाही असे बहुतेक देश मानतात. त्याला अर्जाची पावती किंवा तात्पुरते ओळखपत्र मिळते, त्यावर प्रवास होत नाही, आणि त्याचे मूळ पारपत्र असलेच तर पुष्कळ ठिकाणी ते अधिकाऱ्यांच्या कपाटात जमा होते. अमेरिकेत अर्ज प्रलंबित असताना पूर्वपरवानगी न घेता जो देशाबाहेर पडला, त्याने अर्ज सोडून दिला असे गृहीत धरले जाते. ही परवानगी नावाला प्रवासाची असली, तरी वस्तुतः ती परतीचीच. शिवाय एक सापळा आहे. निर्वासिताने स्वेच्छेने आपल्या मूळ देशाच्या वकिलातीत जाऊन पारपत्राचे नूतनीकरण केले, तर त्याने त्या देशाचे संरक्षण पुन्हा स्वीकारले असा अर्थ काढून त्याचा निर्वासित दर्जा संपुष्टात आणता येतो. जुन्या पारपत्राला हात लावावा तर दर्जा जातो आणि न लावावा तर प्रवास थांबतो, अशा पेचात ही माणसे वर्षानुवर्षे राहतात.

भारताने १९५१ च्या अभिसंधीवर किंवा तिच्या १९६७ च्या प्रोटोकॉलवर सही केलेली नाही, आणि देशात निर्वासितांविषयी स्वतंत्र कायदाही नाही. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला खरा, पण परदेशी व्यक्तींच्या हकालपट्टीविषयीच्या अनुच्छेद १३ वर मुद्दाम राखीव शेरा नोंदवून. देशांतर्गत कायद्याच्या नजरेत माणसे दोनच प्रकारची: नागरिक आणि विदेशी. पारपत्र (भारतात प्रवेश) अधिनियम १९२०, विदेशी नोंदणी अधिनियम १९३९, विदेशी व्यक्ती अधिनियम १९४६ आणि वाहतूकदारांच्या दायित्वाचा २००० चा अधिनियम या चौघांची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून ‘आप्रवास आणि विदेशी अधिनियम, २०२५’ या एकाच कायद्याने घेतली. मात्र निर्वासित या वर्गाची व्याख्या याही कायद्यात नाही. वैध पारपत्र आणि व्हिसा यांशिवाय प्रवेश करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. सूट कोणाला, हे केंद्र सरकार आदेशाने ठरवते. त्याच वेळी निघालेल्या सूट-आदेशात विहित अटी पाळणारे तिबेटी, ९ जानेवारी २०१५ पर्यंत येऊन नोंदणी झालेले श्रीलंकन तमिळ, आणि ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तान येथून छळामुळे आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती यांचा समावेश आहे. म्यानमारचे रोहिंग्या त्या यादीत नाहीत, आणि अफगाणिस्तानातील मुसलमानही नाहीत. आश्रय हा हक्क नसून सरकारची मर्जी आहे, ही भूमिका इतक्या स्वच्छ शब्दांत क्वचितच छापली गेली असेल.

तरीही भारतीय कायद्यात एक खिडकी जुनीच आहे. पारपत्र अधिनियम, १९६७ हा कायदा सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे घाईने आला; परदेशप्रवासाचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असून तो कायद्याविना, केवळ अधिकाऱ्याच्या इच्छेने नाकारता येणार नाही, असे त्या निकालाने ठरवले होते. या अधिनियमाच्या कलम ४ मध्ये पारपत्राखेरीज ‘ओळख प्रमाणपत्र’ या दस्तऐवजाची तरतूद आहे आणि कलम २० प्रमाणे, सार्वजनिक हितासाठी आवश्यक वाटल्यास केंद्र सरकार भारताचा नागरिक नसलेल्यालाही पारपत्र किंवा प्रवास-दस्तऐवज देऊ शकते. इथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या अनुच्छेद २१ मधून परदेशप्रवासाचा हक्क निघाला, तो ‘नागरिक’ असे न म्हणता ‘व्यक्ती’ म्हणतो. परंतु त्या व्यक्तीच्या हाती पडणारा कागद ‘सार्वजनिक हित’ या सरकारी मोजपट्टीने मोजला जातो.

या खिडकीचा सर्वाधिक लाभ तिबेटींना झाला. १९५९ मध्ये दलाई लामांच्या पाठोपाठ आलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोलिसांकडून नोंदणी प्रमाणपत्र मिळते; तिबेटी त्याला ‘आरसी’ म्हणतात आणि ते देशात राहण्याचा पुरावा असते. प्रवासासाठी लागते ते ओळख प्रमाणपत्र, म्हणजे ‘आयसी’. त्याच्या वेष्टनाच्या रंगामुळे त्याला ‘पिवळे पुस्तक’ असे नाव पडले आहे. महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्यातील गोठणगाव येथे १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. धानाच्या खाचरांशेजारी वाढलेल्या तिथल्या तरुणाला परदेशी शिकायला जायचे, तर आरसी, दलाई लामांच्या कार्यालयाची शिफारस, पोलिस पडताळणी आणि आयसी इतके मिळवूनही काम पुरे होत नाही. निघण्यापूर्वी निर्गमन परवाना लागतो, ज्याला सगळे ‘एक्झिट परमिट’ म्हणतात, आणि त्याच्या जोडीला ‘भारतात परतण्यास हरकत नाही’ असा शेरा लागतो. हा शेरा तिबेटींच्या बोलण्यात ‘नोरी’ या लघुरूपाने येतो. पिवळ्या पुस्तकात व्हिसासाठी कोरी पाने कितीही असोत, परदेशी वकिलातीचा अधिकारी आधी नोरी शोधतो, कारण १९२२ मध्ये बेल्जियमच्या अधिकाऱ्याला जी शंका होती तीच त्याला असते. फरक एवढाच, की अभिसंधीचा दस्तऐवज मुळातच परतीचे वचन घेऊन येतो, आणि इथे ते वचन दर खेपेला स्वतंत्रपणे मागावे लागते.

यातून पुढचा प्रश्न न्यायालयात गेला: भारतातच जन्मलेल्या तिबेटीने पिवळे पुस्तक का बाळगावे? नागरिकत्व अधिनियमानुसार २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती, आईवडिलांचे नागरिकत्व कोणतेही असो, जन्माने नागरिक असते. १९८६ मध्ये जन्मलेल्या नामग्याल डोलकर यांना पारपत्र नाकारून ओळख प्रमाणपत्र घेण्यास सांगण्यात आले, तेव्हा त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि २२ डिसेंबर २०१० रोजी न्यायालयाने त्यांना जन्माने नागरिक ठरवले. तरी कार्यालयांचा हात मोकळा झाला नाही. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा तसाच निकाल द्यावा लागला आणि मार्च २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पारपत्र कार्यालयांना तशा सूचना दिल्या. मात्र पाठोपाठ अटीही आल्या: आरसी आणि आयसी परत करावी, निर्वासित म्हणून मिळणारे लाभ सोडावेत, तिबेटी वसाहतीत राहू नये. निळे पारपत्र हवे असेल तर गोठणगावचे घर सोडा, असा त्याचा अर्थ होत असल्याने अनेकांनी पिवळे पुस्तकच राखले.

अफगाण, म्यानमारमधील चिन व रोहिंग्या, सोमाली अशा इतरांची वाट वेगळी आहे. त्यांची नोंदणी भारत सरकार नव्हे, तर १९८१ पासून दिल्लीत काम करणारे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांचे कार्यालय करते आणि निर्णयानंतर निर्वासित-कार्ड देते. हे कार्ड म्हणजे संयुक्त राष्ट्रांचे पारपत्र, असा समज निर्वासितांच्या वस्त्यांतही आढळतो. प्रत्यक्षात त्यावर सीमा ओलांडता येत नाही आणि भारतीय कायद्यानुसार ते मुक्कामाचा परवानाही नव्हे. मयूर विहारच्या दक्षिणेला, यमुनेच्या पल्याड मदनपूर खादर येथील रोहिंग्या वस्तीला एप्रिल २०१८ आणि जून २०२१ मध्ये आगी लागल्या, तेव्हा ताडपत्री-बांबूच्या झोपड्यांबरोबर ही कार्डेही जळाली. गृह मंत्रालयाच्या २०११ च्या कार्यपद्धतीनुसार एफआरआरओच्या चौकशीत छळाची भीती प्रथमदर्शनी खरी वाटली, तर दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळू शकतो व त्यावर खासगी नोकरी आणि शिक्षण घेता येते; पण तो राहण्याचा कागद आहे, प्रवासाचा नाही.

अशा निर्वासिताला कॅनडाने किंवा ऑस्ट्रेलियाने कायमच्या पुनर्वसनासाठी स्वीकारले, तर दोन कागदांवर त्याचा प्रवास होतो. पहिला, रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचा तातडीचा प्रवास-दस्तऐवज. फेब्रुवारी १९४५ पासून चालत आलेला हा कागद मोफत, एकाच प्रवासापुरता आणि फक्त जाण्याचा असतो. धारकाकडे दुसरा कोणताही दस्तऐवज नसणे, गंतव्य देशाने व्हिसाचे आश्वासन देणे आणि सध्याच्या देशाने बाहेर पडू देणे या त्याच्या तीन अटी. तिसऱ्या अटीची पूर्तता म्हणजेच दुसरा कागद, भारताचा एक्झिट परमिट. रीतसर व्हिसावर न आलेल्याला तो देताना ‘तू आत आलासच कसा’ हा प्रश्न पुन्हा उकरून निघतो, आणि मुदतबाह्य मुक्कामाचा दंड माफ होईल की नाही हे फाइलगणिक बदलते. रोहिंग्यांच्या बाबतीत तिसरा देश घ्यायला तयार असतानाही निर्गमन परवाने अडून राहिल्याचे निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या अहवालांत नोंदलेले आहे. ज्यांनी राहू नये असे सरकार म्हणते, त्यांनाच जाऊ न देण्याचा हा प्रकार कोणत्याही धोरणात बसवून दाखवणे कठीण आहे.

न्यायालयांनी ही पोकळी थोडीफार भरून काढली आहे. गुजरात उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दोन इराकी निर्वासितांच्या प्रकरणात, छळ होईल अशा देशात कोणालाही परत न पाठवण्याचे तत्त्व अनुच्छेद २१ मध्ये सामावलेले आहे असे म्हटले. ३ मे २०२१ रोजी मणिपूर उच्च न्यायालयापुढे आलेला प्रश्न तर देशांतर्गत प्रवासाचाच होता: लष्करी उठावानंतर म्यानमारमधून पळून आलेले सात जण, त्यांत काही पत्रकार, कोणत्याही कागदाविना सीमेवरून दिल्लीपर्यंत जाणार कसे? वकील नंदिता हक्सर यांच्या याचिकेवर न्यायालयाने त्यांना दिल्लीतील उच्चायुक्तांच्या कार्यालयापर्यंत सुरक्षित जाऊ देण्याचा आदेश दिला. त्याआधी महिनाभरच रोहिंग्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात म्हटले होते की अनुच्छेद २१ सर्वांना लागू असला, तरी हद्दपार न होण्याचा हक्क भारतात राहण्याच्या, म्हणजे केवळ नागरिकांच्या, हक्काला जोडलेला आहे. दोन्ही आदेश आज एकमेकांशेजारी उभे आहेत.

वैध पारपत्र असले म्हणजे सुटका होते असेही नाही. काबूल पडल्यानंतर पाच दिवसांनी, २० ऑगस्ट २०२१ रोजी, राजनैतिक पारपत्र असलेल्या एका अफगाण महिला खासदारांना दिल्ली विमानतळावरूनच परत पाठवण्यात आले. त्यानंतर आठवड्याच्या आत गृह मंत्रालयाने, काही अफगाण पारपत्रे गहाळ झाल्याच्या वृत्ताचे कारण देऊन, भारताबाहेर असलेल्या सर्व अफगाणांचे आधीचे व्हिसा रद्द केले आणि केवळ नव्या इलेक्ट्रॉनिक आपत्कालीन व्हिसावर प्रवेश खुला ठेवला. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये दिल्लीतील जुन्या प्रजासत्ताकाच्या अफगाण वकिलातीने काम कायमचे थांबवल्याचे जाहीर केले. लाजपत नगरच्या अफगाणांना वळीवड्याच्या पोलिश कुटुंबांची गोष्ट ठाऊक असण्याचे कारण नाही, पण कागदावर ज्या सरकारचा शिक्का आहे ते सरकारच उरलेले नाही, ही अवस्था दोघांची एकच.

स्वतंत्र भारतालाही परतीच्या कागदाचा प्रश्न अगदी पहिल्या वर्षी पडला होता. जुलै १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना-पद्धत सुरू झाली. भारत-पाकिस्तान प्रवासासाठी पारपत्र आणि व्हिसा ऑक्टोबर १९५२ मध्ये आले. मधल्या चार वर्षांत हा परवाना हेच सर्वस्व होते, इतके की तो थेट संविधानात शिरला: अनुच्छेद ७ प्रमाणे, १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेला मनुष्य नागरिक राहत नाही, मात्र पुनर्वसनाच्या किंवा कायमच्या परतीच्या परवान्यावर तो आला असेल तर गोष्ट वेगळी. आज पिंक लाइनच्या उत्तरेकडील मजलिस पार्कजवळ, आदर्श नगरात, सिंधमधून तीर्थयात्रेच्या किंवा भेटीच्या व्हिसावर येऊन परत न गेलेल्या हिंदू कुटुंबांची वस्ती आहे. अशांना नागरिकत्व देऊ करणाऱ्या नागरिकत्व सुधारणा कायद्याचे नियम मार्च २०२४ मध्ये निघाले आणि १५ मे रोजी दिल्लीत पहिल्या १४ जणांना प्रमाणपत्रे देण्यात आली. मूळ देश सिद्ध करण्यासाठी ९ आणि प्रवेशाची तारीख सिद्ध करण्यासाठी २० प्रकारचे कागद या नियमांत चालतात, आणि त्यांत मुदत संपलेले पाकिस्तानी पारपत्रही आहे. प्रवासाला निरुपयोगी झालेली पुस्तिका अशा रीतीने नागरिकत्वाचा पुरावा बनते.

ज्या भिकाजी कामा प्लेसमध्ये दिल्लीचे पारपत्र कार्यालय आहे, त्या जागेचे नाव एका परागंदा स्त्रीचे आहे. मुंबईच्या पारशी घराण्यातील मादाम कामा यांनी १९०७ मध्ये श्टुटगार्ट येथे स्वतंत्र भारताचा ध्वज फडकवला, आणि १९१० मध्ये मार्सेलिसच्या बंदरात बोटीतून उडी मारून फ्रेंच भूमीवर पोहोचलेल्या सावरकरांना ब्रिटिशांच्या हवाली केल्याविरुद्ध पॅरिसमध्ये आवाज उठवणाऱ्यांत त्या होत्या. ते प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. फेब्रुवारी १९११ मध्ये, सावरकरांना फ्रान्सकडे परत करण्यास ब्रिटन बांधील नाही असा निर्णय लागला, आणि त्या सुनावणीत पक्षकार होते ते फ्रान्स आणि ब्रिटन. आश्रय ज्याने शोधला त्याला तिथे स्थान नव्हते. कामाबाईंना स्वतःला तीन दशके मायदेशी परतता आले नाही. अर्धांगवायूने खिळल्यानंतर, राजकारणात भाग घेणार नाही असे लिहून दिल्यावर, सरकारने त्यांना येऊ दिले. नोव्हेंबर १९३५ मध्ये त्या मुंबईस पोहोचल्या आणि १३ ऑगस्ट १९३६ रोजी तिथेच वारल्या.